पॅनेलिंगसाठी स्केचअप प्रो: फळी-फळीने बांधलेली भिंत

भिंतीच्या पॅनेलिंगचं, म्हणजे भिंतीवर फळ्या-पट्ट्या बसवण्याचं काम नेहमी करत असाल तर स्केचअप प्रो हे संगणकावर त्रिमितीय मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर जरूर घ्या. फक्त एक अट आहे. सुतार साइटवर ज्या क्रमाने भिंत बांधतो, त्याच क्रमाने ती पडद्यावर बांधायची तयारी हवी. आधी फ्रेम, मग प्लाय, मग व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा), शेवटी पट्ट्या. ही शिस्त पाळणाऱ्याला हे सॉफ्टवेअर जितकं देतं, तितकं मला दुसऱ्या कशातून मिळालेलं नाही. नुसती दिसायला छान भिंत हवी असेल तर ती याहून सोप्या साधनांतही होते.

मी नाशिकमध्ये घरांची आणि छोट्या दवाखान्यांची इंटिरिअरची कामं करते. गेल्या काही वर्षांत जवळजवळ प्रत्येक घरात एक तरी पॅनेलिंगची भिंत मागितली जाते. टीव्हीची, पलंगामागची किंवा दारातून आत आल्यावर समोर दिसणारी. ग्राहक फोनवर फोटो दाखवतात आणि म्हणतात, "मॅडम, अस्संच हवं." फोटोतली भिंत बहुधा परदेशातली असते, उंची वेगळी, पत्र्याचं, म्हणजे शीटचं माप वेगळं. आपल्याकडे प्लाय आणि एमडीएफ, एचडीएचएमआर हे लाकडाच्या तंतूंचे दाबलेले बोर्ड, सगळं बहुधा आठ बाय चार फुटांच्या शीटमध्ये येतं, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. पॅनेलिंगचा अर्धा निर्णय या दोन आकड्यांतच होतो, आणि स्केचअप हे आकडे तुमच्यापुढे सतत ठेवतं. म्हणून मला ते आवडतं.

एक ताजं उदाहरण देते. गंगापूर रोडच्या एका फ्लॅटमधली टीव्हीची भिंत. रुंदी ३६६० मिमी, फरशीपासून फॉल्स सीलिंगपर्यंत उंची २६४०. घरातल्या काकूंना उभ्या रेघांचं नैसर्गिक व्हिनियर हवं होतं आणि जोड कमीत कमी. कागदावर वाटतं की बारा फुटांची भिंत, चार-चार फुटांचे तीन पत्रे, संपलं काम. पण शीटच्या कडा कधीच सरळ मिळत नाहीत, सगळीकडून पाच-पाच मिमी छाटाव्या लागतात. हाती उरतं २४३० बाय १२१०. मॉडेलमध्ये मी या मापाचा एक पॅनेल कंपोनंट (एकात बदल केला की सगळ्या प्रती बदलतात असा सुटा भाग) केला, शेजारी सहा-सहा मिमीचा ग्रूव्ह (खाच) ठेवून तीन लावले. भरले ३६४२. उरले १८. ते दोन्ही टोकांना नऊ-नऊ मिमीचे सावलीचे गाळे म्हणून सोडले. उंचीत खाली १०० मिमीचं स्कर्टिंग (तळाची पट्टी), मग ग्रूव्ह, मग २४३० चा पॅनेल, पुन्हा ग्रूव्ह, आणि वर ९८ मिमीची आडवी पट्टी. म्हणजे भिंतभर कुठेही मधोमध आडवा जोड नाही. हे गणित वहीतही सुटलं असतं. पण डावा ग्रूव्ह बरोबर स्विचबोर्डच्या मधून जातोय, हे वहीत दिसलं नसतं. मॉडेलमध्ये बोर्डाच्या प्लेटचा चौकोन त्याच्या खऱ्या जागी होता, म्हणून लगेच दिसलं. इलेक्ट्रिशियनने अजून झिरी बुजवली नव्हती, त्यामुळे बोर्ड शंभर मिमी सरकवून घेता आला.

आता साधन कसं चालतं ते सांगते. स्केचअपमध्ये "भिंत" नावाची वेगळी वस्तूच नसते. कडा आणि पृष्ठभाग, एवढंच असतं. रेव्हिट किंवा तत्सम बीआयएम (इमारतीची सगळी माहिती मॉडेलमध्ये ठेवणाऱ्या) सॉफ्टवेअरमधून आलेल्या लोकांना हे फार अपुरं वाटतं, कारण तिथे भिंत ही भिंत म्हणूनच काढली जाते आणि तिचे थर, जाडी सगळं तिला ठाऊक असतं. पॅनेलिंगच्या बाबतीत मात्र मला स्केचअपचं हे अडाणीपण कामाला येतं. आपल्या इमारतींमधल्या भिंती ओळंब्यात क्वचितच असतात. या फ्लॅटमध्येही ती भिंत वरच्या टोकाला चौदा मिमी मागे झुकलेली होती. मी खाली, मध्ये आणि वर अशी मापं घेतली आणि भिंत आहे तशी वाकडीच काढली. मग तिच्यापुढे ओळंब्यात उभं असलेलं फ्रेमवर्क बसवलं. कुठे किती पॅकिंग लागेल ते मधल्या फटीतून थेट मोजता आलं. मिस्त्रींना मी तीन आकडे लिहून दिले, त्यांनी तेवढ्या जाडीच्या चिपा आधीच कापून ठेवल्या.

नवशिके बहुतेक जण एकच रस्ता धरतात. भिंतीच्या पृष्ठभागावर रेघा मारायच्या आणि पुश-पुल या टूलने सहा मिमी आत ढकलून ग्रूव्ह करायचे. रेंडर, म्हणजे फोटोसारखं चित्र, सुंदर येतो. पण त्या भिंतीत एकही फळी नसते, नुसता खाचा पाडलेला एक ठोकळा असतो. त्यातून ना कटिंग लिस्ट निघते, ना पत्र्यांचा हिशोब, ना जोडाची जागा. काही क्लासेसमध्ये आजही हेच शिकवतात, आणि तिथून आलेल्या मुलांची हुशारी वाया जाताना पाहून मला वाईट वाटतं. प्रत्येक पॅनेल वेगळा कंपोनंट करा. ग्रूव्ह काढायचा नसतो, दोन पॅनेलांमध्ये तो उरतो. आणखी एक फायदा म्हणजे पॅनेल मागच्या फ्रेमवर, भिंतीपासून खऱ्या अंतरावर ठेवला की पृष्ठभाग एकावर एक येऊन चकाकत नाहीत. दोन पृष्ठभाग अगदी एकाच पातळीत आले की स्केचअपला कळत नाही कुणाला पुढे दाखवावं, आणि पडदा फिरवताना ठिगळं लुकलुकतात.

मापांच्या बाबतीत मी फाइल मिलिमीटरमध्ये ठेवते, दशांश शून्य, आणि लेन्थ स्नॅपिंग बंद. हे स्नॅपिंग चालू राहिलं की माप गुपचूप जवळच्या आकड्यावर जातं आणि शेवटच्या पॅनेलला दोन मिमी कमी पडतात. आमचे मिस्त्री सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणून अठरा-एकोणीस मिमीच्या प्लायला ते सहा सूत म्हणतात आणि बारा मिमीच्या प्लायला चार सूत. फाइल मिमीत असली तरी मापाच्या चौकटीत ३/४ लिहून इंचाची खूण केली की स्केचअप स्वतःच ते मिमीत बदलून घेतं. साइटवरून फोनवर "पाऊण इंच आत घ्या" असं आलं की कॅलक्युलेटर शोधावा लागत नाही.

लूव्हर आणि फ्लूटेड (उभ्या पट्ट्यांच्या आणि गोलसर खाचांच्या) पॅनेलांची सध्या लाट आहे, आणि तिथेच या सॉफ्टवेअरची ताकद आणि मर्यादा दोन्ही उघड होतात. तीन मीटरच्या पॅसेजमध्ये २५ मिमीच्या अंतराने गोलसर पट्ट्या बसवायच्या म्हटल्या की १२० पट्ट्या. एक पट्टी कंपोनंट म्हणून करायची, मूव्ह टूलवर कंट्रोल दाबून २५ मिमीवर प्रत करायची आणि x११९ लिहायचं. सगळी भिंत उभी राहते. काकूंनी "जरा जाड दिसू दे" म्हटलं की एका पट्टीच्या आत जाऊन बदल केला, सगळ्या पट्ट्या बदलल्या. पण "जरा विरळ कर" म्हटलं, तर मात्र पुन्हा पहिल्यापासून. एकदा दुसरी कमांड घेतली की प्रतींमधलं अंतर परत बदलता येत नाही, जुन्या पट्ट्या पुसून नव्या मांडाव्या लागतात. डायनॅमिक कंपोनंटमध्ये सूत्र लिहून हे साधता येतं, पण ती सूत्रं लिहिणं सगळ्यांच्या हातचं नाही. इतक्या वर्षांत हे साधं काम मूळ साधनात यायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पट्टी काढताना कमानीचे तुकडे कमी ठेवा. स्केचअप कमानीला आपणहून बारा तुकडे देतं. पट्टीच्या एवढ्याशा गोलाईला सहा पुरतात, दिसण्यात फरक पडत नाही आणि कडा निम्म्या होतात. दुकानातून तयार लूव्हर आणणार असाल तर एका पट्टीऐवजी त्या तयार पॅनेलच्या रुंदीचा कंपोनंट करा, म्हणजे नग किती लागतील हे मोजूनच मिळतं आणि शेवटचा नग किती कापला जाईल तेही दिसतं. कोपऱ्यात दीड पट्टी उरलेली भिंत वाईट दिसते. ती मॉडेलमध्ये पाहिली की दोन्ही टोकांना सारखी वाटून टाकता येते.

क्लासिक पद्धतीच्या भिंतीवर बीडिंगच्या (नक्षीदार बारीक पट्ट्यांच्या) चौकटी असतात. त्यासाठी एखादा छेद दिलेल्या मार्गावर फिरवणारं फॉलो मी हे टूल आहे. चौकट निवडायची, फॉलो मी घ्यायचं, बीडिंगच्या छेदावर क्लिक करायचं. चारही कोपरे पंचेचाळीस अंशांत नीट जुळून येतात. पण दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, बारीक नक्षी. छेदात मिलिमीटरच्या आतबाहेरच्या कडा आल्या की काही पृष्ठभाग बनतच नाहीत आणि बीडिंगला भोकं दिसतात. यावर जुना पक्का उपाय आहे. चौकट कंपोनंट करायची, तिची एक प्रत बाजूला ठेवून शंभरपट मोठी करायची, त्या मोठ्या प्रतीत आत जाऊन फॉलो मी करायचं आणि काम झालं की मोठी प्रत पुसायची. मूळ मापाच्या चौकटीत सगळं शाबूत उतरलेलं असतं. दुसरी गोष्ट अशी की फॉलो मी चारही पट्ट्यांचं एक सलग कडं बनवतं. सुतार तर चार पट्ट्या कापणार. कटिंग लिस्टमध्ये खऱ्या लांब्या हव्या असतील तर एक उभी आणि एक आडवी पट्टी स्वतंत्र करून त्यांचे कोपरे तिरके छाटायचे आणि मग त्यांच्या प्रती फिरवायच्या. अशा चौकटींचं काम भरपूर असेल तर प्रोफाइल बिल्डर नावाचं विकतचं एक्स्टेन्शन (सॉफ्टवेअरला जोडायची पूरक सोय) आहे. मार्ग दिला की छेद आपोआप चालवतं आणि नंतर छेद बदलताही येतो.

व्हिनियरबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ग्राहक पैसे त्याचे मोजतो. कंपोनंटला बाहेरून रंगवलं की आतल्या कोऱ्या पृष्ठभागांवर तो रंग दिसतो, पण टेक्स्चर हलवता येत नाही. रेघ फिरवायची, सरकवायची असेल तर कंपोनंटच्या आत जाऊन खुद्द पृष्ठभागच रंगवावा लागतो. मग राइट क्लिकमध्ये टेक्स्चर आणि पोझिशन. चार खुंट्या येतात, त्यांनी लाकडाची रेघ हवी तिथे आणता येते. एका पॅनेलवरची रेघ शेजारच्यावर सलग जायला हवी असेल तर पेंट टूलमध्ये आल्ट दाबून पहिल्याचा नमुना उचलायचा आणि दुसऱ्यावर टाकायचा, जागेसकट येतो. पुस्तकाची दोन पानं उघडावीत तसा बुक-मॅच हवा असेल तर २०२३ च्या आवृत्तीत आलेलं फ्लिप टूल घ्यायचं आणि कंट्रोल दाबून आरशातली प्रत काढायची. रेघ उलटून येते आणि मधल्या ग्रूव्हवर नक्षी जुळते. व्हिनियरच्या दुकानात जाताना मी हा व्ह्यू छापून नेते. एकाच गठ्ठ्यातले लागोपाठचे पत्रे का हवेत, हे दुकानदाराला तोंडी पटवत बसावं लागत नाही.

२०२४ च्या आवृत्तीत अँबिएंट ऑक्ल्यूजन आलं, म्हणजे कोपऱ्यांत आणि खाचांत हलकी सावली दिसते. पॅनेलिंगवाल्यांसाठी त्या वर्षीची हीच खरी भेट. आधी सहा मिमीचा ग्रूव्ह पडद्यावर फक्त एक काळी रेघ दिसायचा, खोली जाणवायची नाही आणि ग्राहकाला दाखवायला प्रत्येक वेळी रेंडर करावा लागायचा. आता साध्या व्ह्यूमध्येही ग्रूव्ह हा ग्रूव्ह वाटतो. २०२५ मध्ये फोटोसारखे मटेरियल आले. पीयू पॉलिशची चमक आणि मॅट लॅमिनेट यांतला फरक त्यात दिसतो. तरी अंतिम सादरीकरणासाठी मी वेगळं रेंडर इंजिनच वापरते. दिव्यांच्या पट्टीचा प्रकाश पॅनेलवर कसा ओघळेल ते स्केचअप एकटं दाखवू शकत नाही.

या सगळ्यात माझा सर्वांत लाडका भाग म्हणजे ओपनकटलिस्ट. हे मोफत एक्स्टेन्शन आहे, फ्रान्समधल्या लाकूडकाम करणाऱ्यांच्या ल'एर द्यू ब्वा या समूहातून आलेलं. मॉडेलमधला प्रत्येक कंपोनंट ते सुट्टा भाग म्हणून मोजतं आणि शीटवर मांडून कटिंगचा नकाशा देतं. शीटचं माप २४४० बाय १२२०, करवतीची जाडी, कडेची छाटणी, लाकडाच्या रेघेची दिशा, एज बँडिंग (कडेला चिकटवायची पट्टी) कोणत्या कडांना, सगळं त्यात भरता येतं. नुसते एकत्र बांधलेले ग्रुप चालत नाहीत, कंपोनंटच लागतात. सुरुवातीपासून कंपोनंट करा असं मी इतकं बजावते ते यासाठीच. भाग लांबीपेक्षा रुंदीला मोठा असेल आणि रेघ उभीच हवी असेल, तर त्या भागाच्या माहितीत जाऊन अक्ष तपासा. टीव्हीखालच्या आडव्या पट्टीत ही काळजी घ्यावीच लागते, नाहीतर शीटवर ती आडवी मांडली जाते आणि व्हिनियरची रेघ शेजारच्या पॅनेलशी फटकून दिसते.

मी तो नकाशा छापून मिस्त्रींना देते. पहिल्यांदा दिला तेव्हा त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचला, एका शीटवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, हा उरलेला तुकडा फेकू नका, स्कर्टिंगमागे पाठ म्हणून लावू." तो तुकडा मी मोजला तर खरंच बेताचा बसत होता. तेव्हापासून कटिंगच्या आधी आम्ही नकाशासमोर बसतो. पत्रे किती लागणार हे दोघांनाही सुरुवातीलाच माहीत असतं आणि ग्राहकाला दिलेला अंदाज शेवटी बदलावा लागत नाही.

साइटची ड्रॉइंग्ज लेआउट या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये होतात, तो प्रो सोबतच येतो. स्केचअपमध्ये सीन (ठरवलेले व्ह्यू) जतन करायचे: समोरून, वरून छेद, बाजूने छेद, फक्त फ्रेमवर्क, फक्त पॅनेल. कोणता भाग दिसावा ते टॅगनी ठरवायचं. हेच टॅग २०२० पूर्वी लेयर म्हणून ओळखले जायचे, जुने व्हिडिओ पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवा. मग लेआउटमध्ये एकास दहा, एकास वीस अशा प्रमाणात मांडून मापं द्यायची. मॉडेल बदललं की संदर्भ अपडेट केला, ड्रॉइंग बदललं. तक्रार एकच, पण मोठी. लूव्हरची भिंत व्हेक्टर पद्धतीने (प्रत्येक कड वेगळी रेघ म्हणून) रेंडर करायला लावली की लेआउट हळू होतो, हातावर हात ठेवून बसावं लागतं. मी लूव्हरसाठी दोन टॅग ठेवते: एकावर खऱ्या गोलसर पट्ट्या, दुसऱ्यावर नुसत्या सपाट रेघा. ड्रॉइंगच्या सीनमध्ये सपाट रेघांचा टॅग चालू. सुताराला समोरून तेवढंच लागतं, गोलाईसाठी एक मोठा छेद वेगळा देते.

पैशांचं बोलायला हवं. स्केचअप २००० साली बोल्डर, कोलोरॅडोतल्या अ‍ॅट लास्ट सॉफ्टवेअरने आणलं, २००६ मध्ये गूगलने घेतलं आणि २०१२ पासून ते ट्रिंबल या कंपनीकडे आहे. एकदा पैसे भरून कायमचं मिळणारं लायसन्स २०२० मध्ये बंद झालं, आता दरवर्षी वर्गणी. एकट्याने काम करणाऱ्या डिझायनरला ही वर्गणी जड जाते, विशेषतः मोठी कामं नसलेल्या महिन्यांत. ब्राउझरमध्ये चालणारी मोफत आवृत्ती आहे. ती शिकायला उत्तम, पण तिच्यात एक्स्टेन्शन नाहीत आणि लेआउट नाही. म्हणजे ओपनकटलिस्ट नाही, साइटची ड्रॉइंग नाहीत. पॅनेलिंगच्या व्यवसायासाठी ती पुरत नाही, हे आधीच समजून घ्या. डिप्लोमा करणाऱ्या मुलांनी मात्र त्याच आवृत्तीत कंपोनंटची सवय लावून घ्यावी, त्याला पैसे लागत नाहीत.

रेव्हिटशी तुलना लोक विचारतातच. तिथे भिंतीला स्वीप (भिंतीवरून धावणारी पट्टी) आणि रिव्हील (धावणारी खाच) देता येतात. स्कर्टिंग, मधली आडवी पट्टी, लांब सरळ ग्रूव्ह यांना ते झटपट आहे. भिंतीचे पार्ट्स (तुकडे) पाडून मध्ये फट ठेवण्याची सोयही चांगली आहे आणि अंतर नंतर बदलता येतं, जे स्केचअपला जमत नाही. मोठ्या हॉटेलांच्या किंवा ऑफिसांच्या कामात, जिथे एकच पॅनेलिंग शेकडो खोल्यांत जाणार आहे आणि इतर सल्लागार त्याच मॉडेलवर आहेत, तिथे रेव्हिटच योग्य. एका फ्लॅटच्या एका वाकड्या भिंतीसाठी ते सगळं जुळवून आणणं मला परवडत नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार तारे. पाचवा तारा प्रतींचं अंतर नंतर बदलता येईल त्या दिवशी. मोबाइलवरचा स्केचअप व्ह्यूअर मिस्त्रींच्या फोनमध्ये टाकून द्या, एवढं एक सांगते. सीनची नावं मराठीत ठेवा, "फ्रेम", "प्लाय", "व्हिनियर", "पट्टी". सकाळी साइटवर पोचण्याआधी मला फोन येतो तो आता "मॅडम, जोड कुठे घेऊ?" असा नसतो. "प्लायच्या चित्रात तिसऱ्या पॅनेलला बोर्डाचा कट दिसत नाही, घालून पाठवा," असा असतो.